एमपीएनएसटी आणि टार्गेटेड औषधं: भावाच्या उपचारांचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला एमपीएनएसटी झाला. पूर्ण नाव मॅलिग्नंट पेरिफेरल नर्व्ह शीथ ट्यूमर, म्हणजे नसेच्या आवरणातून उठणारा कॅन्सर. सार्कोमा, म्हणजे हाडं, स्नायू, नसा अशा ऊतींतून उठणारा कॅन्सर, हा प्रकारच मुळात कमी आढळतो आणि त्यातही हा दुर्मीळ. भावाच्या टार्गेटेड औषधांचा, म्हणजे पेशीतल्या ठरावीक दोषावर नेम धरणाऱ्या औषधांचा टप्पा २०२५ मध्ये संपला, आणि त्याला विचारूनच हे लिहिते आहे. आम्ही माहिती शोधत होतो तेव्हा एकीकडे न समजणारे शोधनिबंध होते आणि दुसरीकडे 'नवं औषध आलं' अशा बातम्या. तपासणीसाठी जपून ठेवलेला गाठीचा तुकडा (ब्लॉक) कुठून मिळवायचा, इन्शुरन्सने नकार दिला तर काय करायचं, औषध सुरू झाल्यावर घरात काय काय होतं, हे मधलं सगळं एका जागी मिळालं नाही. मी डॉक्टर नाही. इथलं वाचून औषधाचा निर्णय घेऊ नका, पण तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र यातून नक्की घ्या.

भावाला जन्मापासून न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ आहे, ज्याला सगळे एनएफ-१ म्हणतात. साधारण तीन हजार माणसांत एकाला असतो. आई-बाबांना नाही, मला नाही. एनएफ-१ असलेल्या सुमारे निम्म्या लोकांत तो जनुकीय बदल त्यांच्यापासूनच नव्याने सुरू झालेला असतो. त्याच्या मांडीच्या मागे सायटिक नसेवर लहानपणापासून प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा होता, म्हणजे नसेत पसरलेली साधी गाठ. एनएफ-१ असलेल्यांना आयुष्यभरात एमपीएनएसटी होण्याची शक्यता ८ ते १३ टक्के धरतात, आणि बऱ्याचदा तो अशा जुन्या गाठीतूनच उठतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ती गाठ दुखायला लागली. आधीही कधीमधी दुखायची, पण आता दुखण्याने त्याला रात्री जाग यायची. मऊ लागणारी गाठ एका बाजूने टणक झाली होती आणि काही आठवड्यांत हाताला मोठी लागायला लागली. न थांबणारं दुखणं, भराभर वाढ, मऊपणा जाणं आणि हातापायात नव्याने आलेला बधिरपणा किंवा अशक्तपणा: एनएफ-१ असलेल्या माणसाने यातलं काहीही दिसलं तर पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नये.

एमआरआयनंतर पेट स्कॅन झाला, ज्यात जास्त साखर वापरणाऱ्या पेशी चमकतात. अशा गाठीत साधा भाग आणि कॅन्सरचा भाग शेजारी शेजारी असू शकतात, त्यामुळे कुठूनही तुकडा काढला तर रिपोर्ट खोटा दिलासा देऊ शकतो. पेटमध्ये जो भाग सर्वांत जास्त चमकला तिथूनच सुईने बायोप्सी घेतली. सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवलं, कारण सुईचा मार्गही नंतर गाठीबरोबर काढायचा असतो.

पहिला रिपोर्ट 'स्पिंडल सेल सार्कोमा' एवढाच आला आणि खाली दोन शक्यता लिहिलेल्या होत्या: सायनोव्हियल सार्कोमा किंवा एमपीएनएसटी. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन्ही सारखे दिसू शकतात. त्यामुळे स्लाइड सार्कोमाच पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवल्या. सायनोव्हियल सार्कोमात सापडणारा एसएस१८ जनुकाचा बदल नव्हता, आणि एच३के२७एमई३ नावाची खूण पेशींमधून गेलेली होती. त्यावरून एमपीएनएसटी नक्की झालं. तेव्हा मला या खुणेचं महत्त्व कळलं नव्हतं. टार्गेटेड औषधांची चर्चा सुरू झाली तेव्हा हीच ओळ पुन्हा समोर आली.

२०२२ हे वर्ष रेडिएशन आणि मोठ्या ऑपरेशनमध्ये गेलं. गाठीबरोबर नसही काढावी लागली. त्याचं पाऊल आता वर उचललं जात नाही, स्प्लिंट लावून चालतो. या आजारात गाठ कडेने स्वच्छ काढणं हाच बरं होण्याचा मुख्य रस्ता आहे, औषधं त्यानंतर येतात. त्यामुळे ऑपरेशन शक्य असताना 'आधी गोळी घेऊन पाहू' असं कुणी सुचवलं तर सार्कोमाच्या टीमचं मत घेतल्याशिवाय मान हलवू नका.

फेब्रुवारी २०२३ च्या सीटीमध्ये दोन्ही फुप्फुसांत छोट्या गाठी दिसल्या. डॉक्सोरुबिसिन आणि आयफॉस्फामाइडची केमो झाली. गाठी थोड्या आकसल्या. डॉक्सोरुबिसिनचा आयुष्यभरात किती डोस द्यायचा याला हृदयामुळे मर्यादा असते, ती जवळ आल्यावर केमो थांबवली. पावसाळा संपेपर्यंत गाठी पुन्हा वाढायला लागल्या होत्या. ऑपरेशनसाठी त्या तेव्हा खूप होत्या आणि वाढण्याचा वेग पाहता आत्ता कापून उपयोग नाही, असं सर्जनचं मत पडलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी टार्गेटेड थेरपीचं नाव काढलं. घरी आल्यावर सगळ्यांच्या बोलण्यात एकदम उजेड आला. मलाही वाटलं की आता नेम धरून मारणारं औषध मिळणार. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी बाबांना खाली बसवून शांतपणे सांगितलं, "काका, गाठ लहान होईल असं मी म्हणत नाही. वाढायची थांबली तरी मी त्याला यश म्हणेन. आणि ते किती काळ टिकेल हे आपल्याला स्कॅन सांगेल." बाबांना ते आवडलं नाही. मला आज वाटतं की त्या वाक्यामुळेच पुढचं दीड वर्ष आम्हाला पेललं.

कारण या आजारात टार्गेटेड औषधांचा इतिहास फारसा चांगला नाही. पेशीला वाढीचा संदेश देणारं ईजीएफआर हे प्रथिन रोखणाऱ्या अर्लोटिनिबच्या चाचणीत एकाही एमपीएनएसटी रुग्णाची गाठ म्हणावी तशी लहान झाली नाही. सोराफेनिबचंही तेच. बेव्हासिझुमॅब आणि एव्हरोलिमस, गॅनेटेस्पिब आणि सिरोलिमस अशा जोड्या झाल्या, त्यांतही हाती फारसं लागलं नाही. प्रयोगशाळेत प्रत्येकामागे चांगलं कारण होतं. हे आधीच माहीत असेल तर एखादं औषध नाकारलं गेल्यावर 'आपल्यापासून काहीतरी लपवतायत' असं वाटत नाही.

मला समजलं तेवढं सांगते. एनएफ-१ जनुक न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन बनवतं, आणि ते पेशीत वाढीचा संदेश देणाऱ्या रॅस साखळीवर ब्रेकसारखं काम करतं. ते नसलं की रॅसपासून पुढे एमईके आणि दुसरीकडे एमटॉर या वाटांनी संदेश जात राहतात. साधी प्लेक्सिफॉर्म गाठ मुख्यतः एवढ्यावरच वाढते. म्हणूनच एमईके रोखणारं सेल्युमेटिनिब तिथे चालतं: ऑपरेशन न करता येणाऱ्या गाठी असलेल्या ५० मुलांच्या चाचणीत सुमारे दोन-तृतीयांश मुलांच्या गाठी लहान झाल्या आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली. पण एमपीएनएसटी होईपर्यंत पेशीत आणखी बरंच बिघडलेलं असतं. पेशींच्या वाढीला आळा घालणारं सीडीकेएन२ए हे जनुक बहुधा उडालेलं असतं, एसयूझेड१२ किंवा ईईडी बिघडून पीआरसी२ नावाचा प्रथिनांचा संच बंद पडतो, कधी कॅन्सर रोखणारं टीपी५३ हे जनुक गेलेलं असतं. पॅथॉलॉजीतली ती एच३के२७एमई३ ची खूण जाते ती पीआरसी२ बंद पडल्यामुळेच. एक वाट अडवली तरी पेशी दुसरीकडून निघते.

त्यामुळे नातेवाइकांनी पाठवलेल्या प्रत्येक बातमीला मी तीन प्रश्न लावायला लागले. हे औषध नेमकं कोणत्या दोषावर चालतं? तो दोष भावाच्या गाठीत सापडलाय का? आणि याच कॅन्सरच्या माणसांना ते देऊन पाहिलंय का? फेब्रुवारी २०२५ मध्ये एमईकेच रोखणाऱ्या मिर्डामेटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली, मोठ्या माणसांसाठीसुद्धा, तेव्हा घरात फोन वाजत राहिले. ती मान्यता प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमासाठी आहे, एमपीएनएसटीसाठी नाही. हा फरक प्रत्येकाला समजावताना जीव थकतो, पण तो समजावावाच लागतो.

२०२३ मध्ये टार्गेटेड औषधांचा विषय निघाल्यावर त्याच्या गाठीचं जनुकीय पॅनेल, म्हणजे अनेक जनुकांतले बदल एकदम शोधणारी टेस्ट, करायचं ठरलं. इथून कागदपत्रांचं काम सुरू झालं. टेस्टसाठी लागतो तो पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात होता आणि आता उपचार दुसरीकडे चालू होते. ब्लॉक मिळायला रुग्णाच्या सहीचा अर्ज, ओळखपत्र, नव्या डॉक्टरांचं पत्र आणि पॅथॉलॉजीचा मूळ नंबर लागला. हा नंबर रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात असतो, हॉस्पिटलच्या नोंदणी क्रमांकाहून वेगळा. तो हाताशी नसेल तर खिडकीवरचा माणूस काहीच शोधू शकत नाही. पहिल्यांदा आम्हाला रंगवलेल्या स्लाइडच दिल्या गेल्या, ज्यावर ही टेस्ट होत नाही. अर्जात 'ब्लॉक किंवा न रंगवलेल्या स्लाइड, जनुकीय तपासणीसाठी' असं स्पष्ट लिहा, आणि ज्या ब्लॉकमध्ये जिवंत कॅन्सर पेशी भरपूर आहेत तोच द्या, अशी विनंती डॉक्टरांच्या पत्रातच घाला. रेडिएशननंतर काढलेल्या गाठीचा बराच भाग मेलेला असू शकतो. आमच्या बाबतीत शेवटी सुरुवातीच्या बायोप्सीचा ब्लॉक कामी आला. देताना घेताना पावती घ्या. ब्लॉक एकदा वापरून संपला की संपला.

बरोबर रक्तही पाठवलं. रक्ताशी ताडून पाहिल्यावर जन्मजात बदल कोणता आणि गाठीत नंतर झालेले कोणते ते वेगळं काढता येतं. रिपोर्ट यायला काही आठवडे लागले. त्या आठवड्यांत भाऊ नेहमीसारखा कामावर जात होता. मी मात्र दर तासाला मेल उघडून बघायचे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रिपोर्ट आला. एनएफ-१ च्या दोन्ही प्रती गेलेल्या, सीडीकेएन२ए उडालेलं, एसयूझेड१२ बिघडलेलं, टीपी५३ शाबूत. ज्यांवर गाठ कुठेही असली तरी मान्यताप्राप्त औषध आहे असे दोष, उदाहरणार्थ एनटीआरके जनुकांची जोडाजोड किंवा बीआरएएफ व्ही६००ई, यांपैकी काही नव्हतं. पहिल्या पानावर 'मान्यताप्राप्त उपचार: नाही' असं छापलेलं होतं. भावाने ते पान उलटून ठेवलं आणि म्हणाला, "ताई, पुढचं वाच."

पुढचं वाचणं खरंच उपयोगी पडलं. सीडीकेएन२ए च्या अगदी शेजारी, नवव्या गुणसूत्रावर, एमटीएपी नावाचं जनुक असतं. पहिलं उडतं तेव्हा पुष्कळदा हेही बरोबर जातं. एमटीएपी नसलेल्या पेशींत पीआरएमटी५ या विकराला अडवणारी नव्या पिढीची औषधं चाचणीत आहेत, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात ज्यांच्या गाठी लहान झाल्या त्यांत एक एमपीएनएसटीचा रुग्णही होता. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, पण या आजारात तेवढंही आम्हाला खूप वाटलं. रिपोर्टच्या यादीत एमटीएपी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'लॉस' म्हणून होतं. तुमच्या रिपोर्टमध्ये सीडीकेएन२ए गेलेलं दिसलं आणि एमटीएपीबद्दल काहीच लिहिलेलं नसेल, तर डॉक्टरांना विचारा. त्याची साधी रंगवण्याची टेस्टही ब्लॉकवर करता येते.

अशा पीआरएमटी५ औषधाची चाचणी करणाऱ्या केंद्राला आम्ही कागद पाठवले. को-ऑर्डिनेटर बाई अतिशय नीट बोलल्या, पण त्या गटात सध्या जागा नव्हती, प्रतीक्षा यादीत नाव घेतलं. पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांत जागा थोड्या थोड्या उघडतात, आणि उघडली की काही दिवसांत हजर व्हावं लागतं. त्यासाठी त्यांनी सांगितलेली तयारी कुठल्याही चाचणीला लागू पडेल: ताजा सीटी सीडीवर, नुसता रिपोर्ट नाही, मोजता येईल अशी, सहसा किमान १० मिलिमीटरची एक तरी गाठ, आधीच्या केमोनंतर ठरावीक आठवडे गेलेले, ब्लॉकची उपलब्धता, इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाची यादी, काढे आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांसकट.

जागेची वाट बघत बसायला गाठी तयार नव्हत्या. ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, दुसरा मार्ग ठरला: सेल्युमेटिनिब आणि सिरोलिमस एकत्र, म्हणजे एमईके आणि एमटॉर या दोन्ही वाटा एकदम अडवायच्या. उंदरांवरच्या प्रयोगात अशा जोडीने गाठी आकसल्या होत्या, आणि एमपीएनएसटीच्या रुग्णांवर सार्क०३१ नावाची एक छोटी चाचणी याच जोडीची झाली होती. तिच्यातली भरती बंद झाली होती, त्यामुळे औषध चाचणीबाहेर, ऑफ-लेबल, म्हणजे मान्यता नसलेल्या आजारासाठी घ्यावं लागणार होतं.

सिरोलिमस अवयव प्रत्यारोपणात वर्षानुवर्षं वापरलं जाणारं औषध आहे, त्याची अडचण आली नाही. सेल्युमेटिनिब मात्र महागडं, आणि इन्शुरन्स कंपनीने डिसेंबरात 'मान्यतेबाहेरचा वापर' म्हणून सरळ नकार दिला. ते पत्र वाचून आई रडली. डॉक्टरांच्या मदतनीस म्हणाल्या की पहिला नकार बहुतेक वेळा येतोच, अपील करा. अपिलात आम्ही काय जोडलं ते लिहिते, कारण याचा नमुना आम्हाला कुठे मिळाला नव्हता. ट्यूमर बोर्डाचा सही असलेला ठराव. आधीचे सगळे उपचार तारखांसह, आणि ते का थांबले. जनुकीय रिपोर्टमधली एनएफ-१ ची ओळ अधोरेखित करून. या जोडीवरच्या प्रकाशित संशोधनाच्या प्रती. मान्यता असलेला दुसरा पर्याय उरलेला नाही, असं डॉक्टरांच्या लेटरहेडवर स्पष्ट वाक्य. आणि किती महिने देऊन बघणार, कशावरून थांबवणार, हेही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: 'दोन स्कॅनपर्यंत देऊ, वाढ दिसली तर बंद' असं लिहिलं की समोरच्यालाही निर्णय घेणं सोपं जातं. त्याच वेळी कंपनीच्या रुग्णसहाय्य योजनेतही अर्ज टाकला, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसरं थांबवलं नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस अपील मंजूर झालं, पण औषधापुरतंच. इको, डोळ्यांच्या तपासण्या आणि सिरोलिमसच्या पातळीचा खर्च आमच्याकडे राहिला. आधीच विचारून घ्या, कारण हे छोटे खर्च दर महिन्याला येत राहतात आणि त्यांचा हिशोब कुणी सांगत नाही.

सुरू करण्याआधी इको आणि डोळ्यांची पूर्ण तपासणी झाली. एमईके रोखणारी औषधं हृदयाचं पंपिंग कमी करू शकतात, आणि भावाला आधी डॉक्सोरुबिसिन मिळालेलं होतं, त्यामुळे याकडे बारीक लक्ष होतं. दर तीन महिन्यांनी इको. डोळ्यांत पडद्याखाली पाणी जमू शकतं, म्हणून धूसर दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा, असं बजावलं होतं.

मार्च २०२४ मध्ये गोळ्या सुरू झाल्या. कॅप्सूल दिवसातून दोनदा, आम्हाला तेव्हा दिलेल्या सूचनेनुसार आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं. दिवसाची आखणीच त्याभोवती करावी लागली. फ्रिजवर मोठ्या अक्षरात वेळा लिहिल्या. सेल्युमेटिनिबच्या कॅप्सूलमध्येच व्हिटॅमिन ई असतं, त्यामुळे वरून ते घ्यायचं नाही. द्राक्षफळ, ज्याला ग्रेपफ्रूट म्हणतात, ते दोन्ही औषधांना चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल अशी साधी वाटणारी औषधंही रक्तातली पातळी वाढवतात. मधे खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं होतं. औषध सुरू करण्याआधी आम्ही कॅन्सरच्या टीमच्या फार्मासिस्टला फोटो पाठवला आणि ते बदलून घेतलं. दोन्ही औषधांची नावं लिहिलेलं कार्ड त्याच्या पाकिटात कायम असायचं.

सिरोलिमसची पातळी बघायला रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. सवयीने गोळी घेतली तर त्या दिवशीची तपासणी वाया. म्हणून रक्त द्यायच्या आदल्या रात्री तो डबीवर रबरबँड लावून ठेवायचा.

दुसऱ्या आठवड्यात अंगावर पुरळ आलं. चेहरा, छाती, पाठ, सगळीकडे मुरमांसारखे लाल फोड. ही मुरमं नव्हेत, त्यामुळे मुरमांची कोरडं करणारी क्रीम लावली की आग आणखी वाढते. त्वचेच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन, साधं मॉइश्चरायझर आणि उन्हात जाताना सनस्क्रीन दिलं, आणि महिनाभरात सुसह्य झालं. औषध सुरू होण्याआधीच त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा. सिरोलिमसने तोंड आलं, पांढरे खोल व्रण, पाणी पितानासुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. स्टिरॉइडच्या माउथवॉशने फरक पडला. नंतर नखांच्या कडा सुजल्या, पायाच्या अंगठ्यात पू झाला. स्प्लिंट लावणाऱ्या माणसाला पायाच्या बोटाची जखम म्हणजे चालणंच बंद. मग बूट एक नंबर मोठा घेतला आणि नखं सरळ, फार आत न जाता कापायला लागलो. रक्तात सीके नावाचं स्नायूंचं विकर वाढलं तेव्हा व्यायाम थांबवून पुन्हा तपासलं. तपासणीच्या आदल्या दिवसांत जड व्यायाम टाळला तर हा आकडा उगीच फुगत नाही. एकदा डोस कमी करावा लागला. डोस कमी केला म्हणजे हरलो असं त्याला वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही हे बरेच महिने घ्यावं असं मला वाटतंय, म्हणून कमी करतोय."

पहिला सीटी मे महिन्यात. मोजण्यासाठी निवडलेल्या गाठींच्या लांबीची बेरीज आधी ४१ मिलिमीटर होती, आता ४३. रिपोर्टमध्ये 'किंचित वाढ' असं लिहिलं होतं. रिपोर्ट आदल्या संध्याकाळी आला आणि डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची. ती रात्र फार वाईट गेली. डॉक्टरांनी कागदावर आकडे काढून समजावलं: बेरीज किमान ३० टक्के कमी झाली तर प्रतिसाद धरतात, सगळ्यात कमी नोंदीपासून किमान २० टक्के वाढली किंवा नवी गाठ आली तर आजार वाढला असं धरतात, आणि मधलं सगळं 'स्थिर'. दोन मिलिमीटर मोजण्याच्या फरकातही येऊ शकतात. आधीच्या तीन महिन्यांत त्याच गाठी किती वाढल्या होत्या ते त्यांनी शेजारी मांडलं, तेव्हा बाबांचा चेहरा बदलला. पुढच्या सीटीत बेरीज ४०, मग ४१, मग ४०. हे आकडे बाहेरच्या कुणाला सांगितले की 'अजून तेवढंच आहे का?' असं विचारतात. त्या महिन्यांत तो पूर्ण वेळ कामावर होता, भाचीच्या शाळेच्या कार्यक्रमाला गेला, सुट्टीत मित्रांबरोबर फिरून आला. आमच्यासाठी 'तेवढंच' फार मोठं होतं.

माझ्या परीने सांगते, स्कॅनच्या आठवड्यात रिपोर्ट आणि डॉक्टरांची भेट एकाच दिवशी येईल अशी वेळ मागा. मागितली तर बहुधा मिळते.

जानेवारी २०२५ च्या सीटीमध्ये एक गाठ वाढली, बाकीच्या जागच्या जागी. नवी एकही नाही. आम्ही सगळे खचलो, पण सर्जनने तो सीटी वेगळ्या नजरेने पाहिला. वर्षभरात नवीन काही उगवलेलं नाही, म्हणजे आता आहेत त्या गाठी काढण्यात अर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. जे २०२३ मध्ये करता येत नव्हतं ते आता करता येणार होतं. औषधांनी मिळवून दिलेला वेळ इथे उपयोगी पडला. ते औषधांमुळे झालं की आजाराची गतीच तशी होती, हे एका माणसावरून सांगता येत नाही, डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही.

सिरोलिमसने जखमा भरायला उशीर होतो, त्यामुळे ऑपरेशनच्या काही आठवडे आधी ते बंद केलं. दोन्ही फुप्फुसांची ऑपरेशनं वेगवेगळ्या वेळी झाली, शेवटचं मे २०२५ मध्ये. ऑपरेशनच्या आधीच आम्ही पॅथॉलॉजीला लेखी कळवलं होतं की नवीन ब्लॉकपैकी एक जनुकीय तपासणीसाठी राखून ठेवा. औषधं घेतल्यानंतर गाठीत बदल होऊ शकतात, आणि पुढे एखाद्या चाचणीने ताजा तुकडा मागितला तर तो हाताशी असावा. नव्या रिपोर्टमध्येही एमटीएपी नाही आणि टीपी५३ शाबूत आहे. दुसरी गोष्ट महत्त्वाची अशासाठी की टीपी५३ ला दाबून ठेवणारं एमडीएम२ हे प्रथिन रोखणारी काही औषधं चाचणीत आहेत आणि टीपी५३ बिघडलेलं नसेल तरच ती चालण्याची आशा असते.

गोळ्या आता बंद आहेत. पुरळ गेलं, नखं नीट वाढली, इको ठीक आहे. ऑगस्टचा सीटी स्वच्छ आला, पुढचा नोव्हेंबरात. पीआरएमटी५ च्या चाचणीच्या को-ऑर्डिनेटर बाईंना नवा रिपोर्ट पाठवून ठेवला आहे. सध्या मोजता येईल अशी गाठ नसल्यामुळे त्याला तिथे घेता येणार नाही, असं त्यांनी कळवलं. भावाने ते मेल मला पुढे पाठवलं आणि वर लिहिलं, "ताई, या कारणासाठी नकार चालेल."